लिंबाच्या बागेखालची जमीन

लॉस एंजेलिसच्या वायव्येला सांता क्लारा नदीचं खोरं आहे. समुद्राकडून येणारं धुकं तिथला उन्हाळा सौम्य करतं आणि डोंगर थंडी अडवतात. १८६०च्या दशकातल्या दुष्काळाने दक्षिण कॅलिफोर्नियातली गुरं हजारोंनी मेली, मेक्सिकन काळातली अफाट कुरणं मोडीत निघाली आणि त्यांचे तुकडे विकायला आले. नेथन ब्लँचर्डने इथेच सांता पॉला गाव आखलं, संत्र्याची झाडं लावली. पुढे १८९३ साली त्याने वॉलेस हार्डिसनबरोबर ४१३ एकर घेऊन लिंबाची लागवड केली. हार्डिसन तेलाच्या धंद्यातला. याच गावात १८९० मध्ये जन्मलेल्या युनियन ऑइलच्या संस्थापकांपैकी एक. या दोघांची लिमोनेरा कंपनी आज एकशे तीस वर्षं ओलांडून उभी आहे.

फळबागांच्या अर्थकारणाची अभ्यासक म्हणून मी या कंपनीकडे वळले ती लिंबासाठी, पण तिच्या अहवालांनी मला जमिनीकडे आणि पाण्याकडे नेलं. बाजार पडले, फळं बदलली, बाजारात माल नेण्याच्या वाटा बदलल्या. कंपनी तगली ती सात-बाऱ्याच्या आणि पाण्याच्या हक्काच्या जोरावर.

सुरुवातीला मात्र कसब फळाचंच होतं. युरेका आणि लिस्बन जातींची ही लिंबं आपल्या कागदी लिंबापेक्षा मोठी, जाड सालीची. किनाऱ्याजवळच्या हवेत ती जवळजवळ वर्षभर येत राहतात. झाडावर पिवळी होण्याची वाट न पाहता ठरावीक मापाच्या कडीतून फळ जात नाही असं दिसलं, की ते हिरवंच तोडायचं. मग पॅकहाउसमध्ये आठवडे-आठवडे ठेवून पिवळं करायचं. साल पातळ होते, रस वाढतो आणि मागणी येईपर्यंत माल हातात राहतो. तोडताना नखाचा ओरखडा जरी उठला तरी बुरशी शिरते, म्हणून तोडणीचं शिक्षण हाही व्यवसायाचा भाग बनला. हे सगळं घडवलं कंपनीचा कारभार पाहणाऱ्या चार्ल्स कॉलिन्स टीग याने. १९२० ते १९५० अशी तीस वर्षं तो सनकिस्ट ब्रँडच्या सहकारी संघाचा अध्यक्ष होता. स्वतः मोठा बागायतदार आणि हजारो लहान बागायतदारांचाही नेता, अशी दुहेरी जागा त्याने धरली होती.

१२ मार्च १९२८च्या मध्यरात्रीच्या सुमारास लॉस एंजेलिस शहराने बांधलेलं सेंट फ्रान्सिस धरण फुटलं. पाण्याचा लोंढा हे खोरं धुऊन समुद्राला मिळाला. चारशेहून अधिक माणसं गेली. दावे कोर्टात न रखडता भरपाई मिळावी यासाठी खोऱ्यातल्या नागरिकांच्या समितीचं नेतृत्व टीगने केलं.

तोच टीग १९४१ मध्ये दुसऱ्या बाजूला उभा दिसतो. व्हेंचुरा परगण्यातल्या हजारो लिंबू कामगारांनी, त्यात बहुसंख्य मेक्सिकन वंशाचे, वाढीव मजुरी आणि संघटनेची मान्यता यांसाठी संप केला. कामगार राहत होते कंपन्यांच्या मळ्यांतल्या घरांत. संप सुरू होताच बागायतदारांनी ती घरं रिकामी करवली, कुटुंबं तंबूत गेली आणि त्यांच्या जागी अमेरिकेच्या मध्य भागातल्या धुळीच्या वादळांमुळे परागंदा झालेले गोरे शेतमजूर आणले गेले. जानेवारीत सुरू झालेला संप उन्हाळ्यात मोडला. जमीन ज्याची, छप्परही त्याचंच असलं म्हणजे मजुराची ताकद किती उरते हे इथे उघडं पडलं. टीगचं मोठेपण सांगताना हे पान वगळणं मला अप्रामाणिक वाटतं.

मराठी वाचकाला इथे आपल्याकडचं आठवेल. महाराष्ट्रात १९६१च्या कमाल जमीन धारणा कायद्याने, १९७५च्या दुरुस्तीनंतर, कोरडवाहू जमिनीला ५४ एकरांची आणि बारमाही बागायतीला १८ एकरांची मर्यादा आली. खासगी साखर कारखान्यांच्या ताब्यातली हजारो एकर शेती सरकारकडे गेली आणि तिच्यासाठी १९६३ मध्ये शेती महामंडळ निघालं. कॅलिफोर्नियात खासगी मालकीच्या शेतीवर असं कोणतंही सीलिंग नव्हतं. त्यामुळे लिमोनेरा शेजारचे मळे, जुन्या बागायतदार घराण्यांच्या कंपन्या सामावून घेत वाढत गेली. २०१० मध्ये ती नॅस्डॅकवर आली. पुढच्या दशकात ॲरिझोनातलं युमा, सॅन वॉकीन खोरं, चिली, अर्जेंटिना असा पसारा होऊन जमीन सुमारे १५ हजार एकरांवर गेली.

जमिनीइतकंच मोल पाण्याचं. या भागात म्युच्युअल वॉटर कंपन्या चालतात: शेतकऱ्यांनीच काढलेल्या, नफा न वाटणाऱ्या; ज्याचे जितके शेअर, त्याचं तितकं पाणी. सांता पॉलाच्या भूजलाचे वाटे १९९६ मध्ये न्यायालयीन निवाड्याने ठरले. युमातल्या बागा कोलोरॅडो नदीवर आहेत. नदी आटू लागली तशी शेत पडीक ठेवण्याचेही पैसे मिळू लागले आणि तेही कंपनीच्या हिशेबात आले.

लिंबाचा भाव मात्र घसरत राहिला. अर्जेंटिनाच्या लिंबांना अमेरिकेचा बाजार खुला होऊ नये म्हणून कॅलिफोर्नियाचे बागायतदार वर्षानुवर्षं झगडले. २०१८ मध्ये ती लिंबं आलीच आणि २०१९ मध्ये लिमोनेराने अर्जेंटिनातच भागीदारी केली. २०२३च्या जानेवारीत तुलारे परगण्यातली सुमारे साडेतीन हजार एकर फळबाग तिने जवळपास १० कोटी डॉलरना विकली आणि कर्ज हलकं केलं.

गावालगतच्या, कंपनीच्याच टीग-मॅकेव्हेट मळ्याचं वेगळंच झालं. व्हेंचुरा परगण्यात १९९८ पासून शेतजमीन बिगरशेती करायला मतदारांचा कौल लागतो. सांता पॉला शहराच्या हद्दीलाही तशीच अट आहे. २००८ मध्ये शहराने मोठ्या बहुमताने संमती दिली आणि सुमारे ५०० एकरांवर, लुइस ग्रुप या बांधकाम कंपनीच्या भागीदारीत, १,५०० घरांची ‘हार्वेस्ट’ वसाहत आकाराला येऊ लागली. शेतजमीन जाते याचं मला वाईट वाटतं. तरी निर्णय लोकांनी मतपेटीतून, नकाशा समोर ठेवून घेतला, हे मी मानते.

उरलेल्या जमिनीत आता भर ॲव्होकाडोवर आहे. हास जातीचं फळ झाडावर असेपर्यंत मऊ होत नाही. तयार झाल्यावरही काही महिने फांदीवर राखता येतं आणि भाव पाहून तोडता येतं. त्याला लिंबासारखी आठवडे-आठवडे साठवण लागत नाही. मुळं मात्र नाजूक. पाणी साचलं की मूळकूज, क्षार वाढले की पानं करपतात, म्हणून निचरा आणि गोडं पाणी दोन्ही हवंच. स्पर्धा मेक्सिकोच्या मिचोआकानशी, जिथून अमेरिकेतला बहुतेक ॲव्होकाडो येतो. कंपनीने २०२७ पर्यंत ॲव्होकाडोखाली २,००० एकर आणण्याचं ठरवलं आहे आणि लिंबाची विक्री, २०१० मध्ये सोडलेल्या सनकिस्टकडे, पुन्हा सोपवली आहे. ॲव्होकाडोच्या नव्या रोपांना भरीव फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात. तोवरचा खर्च जमिनीच्या आणि घरांच्या विक्रीतून येणाऱ्या पैशावर भागवायचा, असा हिशेब आहे.