नाणेघाटाची पहिली चढण

वयाच्या ४९ व्या वर्षापर्यंत मी सह्याद्री पाहिला तो एसटीच्या खिडकीतून. कल्याणहून जुन्नरकडे माहेरी जाताना मुरबाड मागे पडले, की समोर काळ्या कातळाची भिंत उभी राहायची आणि तिच्या माथ्यावर आभाळाकडे उचललेला एक सुळका दिसायचा. त्याला नानाचा अंगठा म्हणतात, हे आईने सांगितलेले. त्या अंगठ्याखालून माणसे पायी चढून जातात, याचे मला नवल वाटे. आपण चढावे, असे मात्र कधी मनात आले नाही.

पुढे यजमानांना पक्षाघात झाला. त्यानंतरची नऊ वर्षे घर, दवाखाना आणि पतसंस्थेतील हिशेबाचे टेबल या तीन ठिकाणीच गेली. ते गेल्यावर हातात एकाएकी एवढा वेळ आला, की त्याचे ओझे वाटू लागले. म्हणून बी. ए.ला नाव घातले. प्राकृत भाषेवरच्या पाठात नाणेघाटातील शिलालेखाचा उल्लेख आला आणि अभ्यासकेंद्रावरच्या आम्हां सहाजणांचे तिथे जायचे ठरले. मी 'येते' म्हणाले आणि रात्रभर पस्तावले.

जानेवारीतल्या सकाळी वैशाखरे गाव सोडून आम्ही वाटेला लागलो. आरंभीची रानातली वाट सोपी होती. मग चढ अंगावर आला. दगडी पायऱ्या सुरू झाल्या, त्या कुठे गुळगुळीत झालेल्या, कुठे निखळलेल्या. छाती धापू लागली, गुडघे थरथरू लागले. एकदा मागे वळून पाहिले, तर सारे कोकण पायांखाली पसरलेले. मी मटकन दगडावर बसले. म्हटले, "तुम्ही व्हा पुढे. मी इथेच थांबते."

आमच्यातले एक निवृत्त पोस्टमन शेजारी येऊन बसले. त्यांनी समजूत घातली नाही. पिशवीतून शेंगदाणे आणि गूळ काढला व म्हणाले, "थांबा की. मीही थांबतो. वर कुणी पाट मांडून ठेवलेले नाहीत."

गूळ खाताना मी त्या पायऱ्या न्याहाळत होते. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल सातवाहनांच्या काळी याच घाटाने जुन्नरकडे चढत असे. किती जनावरे, किती हमाल इथून गेले असतील! पाठीवर काही ओझे नसताना बसून राहिलेली मीच. उठले. धीर आला म्हणून नव्हे, लाज वाटली म्हणून.

घाटमाथा थोडासा उरला असताना खिंडीच्या कडेला ते लेणे आहे. आत मूर्ती नाही, गाभारा नाही. कातळात कोरलेली एक चौकोनी खोली आणि भिंतीलगत बसायला दगडी ओटा. बाहेर वारा कानठळ्या बसवीत होता, आत पाऊल टाकताच तो ओसरला. डाव्या आणि उजव्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळीच ओळी. मला त्यातले एक अक्षर लागत नव्हते. आमचे सर आशय सांगू लागले, तेव्हा माझे कान टवकारले : अमुक यज्ञ, दक्षिणा इतक्या गाई, इतके घोडे, इतके कार्षापण. संख्या चिन्हांत लिहिलेल्या. हा तर खर्चाचा ताळेबंद! माझ्याच टेबलावरचे काम, फक्त दोन हजार वर्षे जुने आणि दगडावरचे.

मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. सिमुक सातवाहन, सातकर्णी, राणी नागनिका, राजकुमार. नावे वर कोरलेली आहेत. पुतळे झिजून, फुटून गेले. उरले आहेत ते पाय, तेही अंधूक. (अलीकडच्या काही वीरांनी जवळच आपापली नावे खरवडली आहेत. त्यांचे पायही उरणार नाहीत, हे बरेच म्हणायचे.)

बहुतेक अभ्यासक हा मोठा लेख नागनिकेचा मानतात. त्यात राणीचे वर्णन आहे : महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीचे जिणे जगणारी. सर 'गृहतापसी' हा शब्द उच्चारून पुढे गेले. मी मात्र तिथेच अडकले. माझ्या नऊ वर्षांना नातलग तपच म्हणत. मला तो शब्द सहन होत नसे. रात्री दोन वाजता चादर बदलताना आलेला संताप त्यात मावत नव्हता, आणि ते गेल्यावर पहिल्याने वाटलेली सुटका तर मुळीच नव्हती. ती मी कुणालाही सांगितली नव्हती. पण ही बाई केवळ तप सांगून थांबलेली नाही. त्याच भिंतीवर तिने गाई, घोडे, नाणी, सगळ्याचा हिशेब मांडून ठेवला आहे. तिच्या मनात काय होते, ते दगड सांगत नाही. मी ओट्यावर बसून राहिले. डोळे भरून आले, तेव्हा पोस्टमनकाकांनी मुद्दाम बाहेरच्या माकडांकडे पाहायला सुरुवात केली.

माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. घाटाची जकात त्यात टाकली जाई, असे परंपरा सांगते. आम्ही गेलो तेव्हा आत पालापाचोळा होता.

उतरण चढणीपेक्षा कठीण निघाली. बूट भाचीचे, मापाला किंचित लहान. पायरीगणिक बोटे पुढे आपटत होती. घरी येऊन पाहते तो उजव्या पायाच्या अंगठ्याचे नख काळेनिळे. जाऊबाई म्हणाल्या, "या वयात काय मिळवलंत तिथं जाऊन?" मी त्यांना अंगठा दाखवला. त्या हळद आणायला उठल्या. नख महिनाभर तसेच होते, आणि रोज सकाळी मोजे घालण्यापूर्वी मी ते एकदा पाहून घेत असे.