आजार आपला, नोंद आपली. मग किल्ली दुसऱ्याच्या हाती का?

आरोग्याच्या डिजिटल नोंदींचा विषय निघाला की आपल्या कार्यकर्त्यांत लगेच दोन गट पडतात. एक गट म्हणतो, हे पाळत ठेवण्याचे कारस्थान आहे, आभा कार्ड काढूच नका. दुसरा म्हणतो, सरकारी योजना आहे, फुकट आहे, काढा आणि मोकळे व्हा. पहिल्या गटाला आजारी माणसाची गरज दिसत नाही, दुसऱ्याला व्यवस्थेचा स्वभाव दिसत नाही. आम्हाला दोन्ही मान्य नाहीत. आजाराची पक्की नोंद सर्वात जास्त गरजेची आहे ती आपल्याच माणसाला. आणि ती नोंद कोणी, कधी, किती पाहायची हे ठरवण्याचा अधिकारही त्याच माणसाच्या हाती असला पाहिजे. एवढेच आमचे म्हणणे आहे.

हे आम्ही अनुभवावरून म्हणतो. आमच्या घरात सिकलसेल आहे. विदर्भात हा आजार आदिवासींमध्ये आहेच, पण पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. आमची धाकटी बहीण त्या पहिल्या २५ टक्क्यांत आली.

सिकलसेलचे दुखणे बाहेरून दिसत नाही. जखम नाही, सूज नाही, कधी तापही नाही. पण हाडे आतून कोणी पिळावीत तसा माणूस तडफडतो. नेहमीचे डॉक्टर ओळखतात. पण दुखणे डॉक्टर पाहून येत नाही. एकदा कामानिमित्त परगावी असताना तिला तिथल्या एका दवाखान्यात न्यावे लागले. सोबत फाइल नव्हती. आम्ही तोंडी सांगत होतो, सिकलसेल आहे, आधी तीनदा रक्त चढवले आहे. समोरच्या डॉक्टरांनी ऐकून घेतले आणि सिस्टरला म्हणाले, "यांना इंजेक्शनची सवय दिसते." मग हिमोग्लोबिन तपासले, ते ७ आले. लगेच रक्त चढवायची तयारी सुरू झाली आणि लोहाच्या गोळ्याही लिहून दिल्या.

इथे नोंद नसल्याचे काय मोल द्यावे लागते ते समजून घ्या. सिकलसेलच्या अनेक रुग्णांचे हिमोग्लोबिन एरवीही ७-८ च्याच आसपास असते. त्यांच्यासाठी ती रोजची पातळी आहे. ते पाहून घाईने रक्त देणे नेहमीच बरोबर ठरत नाही. वारंवार रक्त चढवलेल्या माणसाच्या शरीरात लोह साठत जाते, त्याला वर आणखी लोह देणे घातक ठरू शकते. आधीचे दहा आकडे समोर असते तर कोणत्याही डॉक्टरला हे दोन मिनिटांत कळले असते. आम्ही फोनाफोनी करून नेहमीच्या डॉक्टरांना त्या डॉक्टरांशी बोलायला लावले, तेव्हा उपचार बदलला. ज्याच्याकडे असा फोन नंबर नाही त्याने काय करायचे? कामासाठी हैदराबादला, सुरतेला गेलेल्या मजुराने काय करायचे? त्याचा इतिहास घरी पत्र्याच्या पेटीत, पावसात भिजलेल्या पिशवीत पडलेला असतो.

आणि तोंडी सांगितलेले खरे मानायचे की नाही, हे कोण सांगतो आहे यावर ठरते. इंग्रजी बोलणारा, ओळखीचा, 'चांगल्या घरचा' रुग्ण बोलला तर ती माहिती ठरते. वस्तीतली बाई बोलली तर ते नाटक ठरते. म्हणून आम्ही म्हणतो, नोंद आपल्याला जास्त हवी आहे. ज्याच्या शब्दाला किंमत दिली जात नाही, त्याला कागद लागतो.

आता दुसरी बाजू. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. ते १९२९ साली 'यंग इंडिया' मध्ये छापून आले होते. शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. हिंदू डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. बाईला बाहेर आणण्याच्या अटीवर आला, पण तिला हात लावला नाही. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याकडे, नवऱ्याने बायकोकडे. परत येतानाही तोच मार्ग. ती बाई वाचली नाही.

हा प्रसंग आम्ही पुन्हा पुन्हा वाचतो. डॉक्टरला तापाचा आकडा मिळाला होता. माहिती एका हातातून दुसऱ्या हातात बरोबर पोहोचली होती. पण आजार कळण्याआधी जात कळली होती आणि उपचार जातीने ठरवला. म्हणजे माहिती पोहोचली की न्याय मिळाला असे होत नाही. आजाराच्या माहितीसोबत आणखी काय पोहोचते, हे विचारावेच लागते.

आज आपल्या देशात काय व्यवस्था उभी राहते आहे? आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशभर घोषणा २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाली. त्यात प्रत्येकाला १४ अंकी आभा नंबर मिळतो. आपले सगळे रिपोर्ट दिल्लीत एका ठिकाणी गोळा होतात असा गैरसमज आहे. रचनेनुसार रिपोर्ट ज्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये तयार झाला तिथेच राहतो, आभाला फक्त तो जोडला जातो. दुसऱ्या डॉक्टरला तो हवा असेल तर त्याने विनंती पाठवायची. ती आपल्या मोबाइलवर येते. कोणते रिपोर्ट द्यायचे, किती काळासाठी द्यायचे, हे आपण ठरवायचे. दिलेली संमती मागेही घेता येते. आणि आभा काढणे ऐच्छिक आहे. कागदावर ही रचना वाईट नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

पण कागद आणि वस्ती यांत अंतर असते. मोबाइल कोणाच्या हातात असतो? आपल्या अनेक घरांत नंबर एकच असतो आणि तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. बाईच्या गर्भपाताच्या नोंदीसाठी, तिच्या क्षयरोगाच्या नोंदीसाठी संमतीचा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर येणार असेल, तर ती संमती कोणाची? नोंदणीच्या खिडकीवर रांग लागलेली असते, ऑपरेटर म्हणतो, "ओटीपी सांगा लवकर." आपण सांगतो. त्याला संमती म्हणायचे? २०२१ मध्ये कोविन पोर्टलवर आधार देऊन लस घेतलेल्या अनेकांचे हेल्थ आयडी त्यांना न विचारताच तयार झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. ऐच्छिक या शब्दाचा अर्थ तेव्हाच दिसला.

माहिती सुरक्षित राहते का, तेही पाहू. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. देशातल्या सर्वात मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एक असलेली ही संस्था कित्येक दिवस हाताने कागद लिहून चालवावी लागली. तिथे हे होते, तर तालुक्याच्या खाजगी लॅबमध्ये, जिथे सगळ्या कर्मचाऱ्यांचा पासवर्ड एकच असतो आणि तो संगणकावर चिकटवलेला असतो, तिथे काय होईल?

आणि माहिती फुटली तर सगळ्यांचे नुकसान सारखे होत नाही. श्रीमंत माणसाचा मधुमेह फुटला तर त्याला विम्याचे चार फोन येतील. आपल्या मुलीचे सिकलसेल वाहक असणे फुटले तर तिचे लग्न मोडते. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे गावाला समजावत बसावे लागते आणि तोवर स्थळ परत गेलेले असते. तपासणी टाळण्याचे हे एक मोठे कारण आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले आहे. तपासणी झालीच पाहिजे. पण निकाल गावच्या चावडीवर येणार नाही याची खात्री नसेल, तर लोक रक्त द्यायला येतील कशाला?

आता जातीच्या रकान्याकडे येऊ, कारण इथे आपल्यातच गोंधळ आहे. काही मित्र म्हणतात, दवाखान्यात जात विचारायचीच नाही. आम्हाला हे अर्धेच पटते. जननी सुरक्षा योजनेसारख्या योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या मातांना मदत मिळते, तिथे जात विचारावी लागते. आणि जातवार आकडे नसतील तर अन्याय सिद्ध कसा करायचा? यूएन विमेनच्या २०१८ च्या अहवालाने सांगितले की भारतातील दलित स्त्री सरासरीने उच्चवर्णीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षे आधी मरते. जात नोंदवली होती म्हणूनच हा आकडा निघाला. जातगणनेची मागणी करणारा समाज आरोग्यातल्या जातवार आकड्यांना विरोध करू शकत नाही.

फरक मोजणीचा आणि वागणुकीचा आहे. समाजाची मोजणी करताना जात हवी, पण तिथे व्यक्तीचे नाव नको. व्यक्तीवर उपचार करताना नाव हवे, पण तिथे जात नको. एखाद्या जिल्ह्यात सिकलसेलचे किती रुग्ण कोणत्या समाजात आहेत हे सरकारला कळले पाहिजे, म्हणजे हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या तिथे पोहोचतील. पण हाड तपासणाऱ्या डॉक्टरला, रक्त काढणाऱ्या टेक्निशियनला रुग्णाची जात स्क्रीनवर दिसण्याचे काय कारण? आडनावावरून ओळखणारे ओळखतीलच, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून काय यंत्रणेनेही ते काम सोपे करून द्यायचे?

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. डिजिटल आरोग्य अभियानाच्या २०२० च्या डेटा धोरणाच्या मसुद्यात जात आणि जमात यांना 'संवेदनशील माहिती' म्हटले होते. मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच नाही. म्हणजे तुमचा ईमेल, तुमचा आजार आणि तुमची जात, सगळे एकाच टोपलीत. ज्या समाजात जात कळल्यावर घर मिळत नाही, तिथे जातीची माहिती आणि ईमेलचा पत्ता सारखाच धरणे ही समानता नव्हे.

चांगला नमुना आपल्याकडेच आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा पाहा. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करण्यास तो मनाई करतो, आणि त्याच रुग्णाच्या उपचारात असलेल्या दुसऱ्या डॉक्टरला उपचारासाठी गरज असेल तेव्हा ती सांगण्याची वाटही ठेवतो. उपचारही अडत नाही आणि बोभाटाही होत नाही. कलंक भोगलेल्या लोकांची बाजू ऐकली की कायदा असा होतो. सिकलसेल, क्षयरोग, मानसिक आजार, गर्भपात या सगळ्यांच्या डिजिटल नोंदींना हेच तत्त्व का लागू नये?

मग आपण काय करायचे? आमच्या वस्तीत आम्ही विहारात रविवारी दोन तास हे काम करतो. तुम्हीही करू शकता:

१. प्रत्येक घराची आरोग्याची फाइल बनवा. डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या तारखेने लावा आणि त्यांचे फोटो रुग्णाच्या स्वतःच्या फोनमध्ये ठेवा.

२. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर त्याची कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. लेखी अर्ज करा, पोच घ्या.

३. आभा आधीच निघाले आहे का, कोणत्या मोबाइल नंबरला जोडले आहे, हे तपासा. बाईचे आभा तिच्याच नंबरला असावे.

४. संमतीची विनंती आली की वाचा. कोण मागतो, काय मागतो, किती दिवसांसाठी मागतो. गरजेपेक्षा जास्त मागत असेल तर नाकारा.

५. जातीचा रकाना दिसला तर विचारा, कशासाठी? योजनेसाठी असेल तर सांगा. कारण सांगता येत नसेल तर रिकामा सोडा.

आणि हे घरापुरते ठेवू नका. जातीच्या व आजाराच्या माहितीला कायद्यात वेगळे संरक्षण, फोन नसलेल्यांसाठी संमतीची दुसरी सोय, आभा नाही म्हणून उपचार नाकारणाऱ्यावर कारवाई आणि नावाशिवाय जातवार आरोग्याचे आकडे दरवर्षी जाहीर करणे, या मागण्या आपल्या संघटनांच्या निवेदनांत आल्या पाहिजेत. आरक्षण आणि अत्याचार यांवर आपण जेवढे बोलतो त्याच्या एक दशांशही आरोग्यावर बोलत नाही. पण १४.६ वर्षांचे आयुष्य हिरावले जाणे हाही अत्याचारच आहे, त्याची एफआयआर होत नाही एवढेच.

हजारो वर्षे आपल्याबद्दलची नोंद दुसऱ्यांनी ठेवली, दुसऱ्यांनी वाचली आणि आपल्याविरुद्ध वापरली. आता नोंद ठेवायची असेल तर जरूर ठेवा. पण किल्ली आमच्या हातात द्या.

जय भीम! जय संविधान!