उंबरठ्याचे मोल

माझ्या पंच्याहत्तरीनिमित्त मुलाने सिंगापूरच्या मरीना बे सॅण्ड्समध्ये दोन रात्रींचा मुक्काम ठरवला. २०१० साली उघडलेले हे हॉटेल म्हणजे तीन उंच मनोरे आणि त्यांच्या माथ्यावर आडवे ठेवलेले एक भलेमोठे तारू! ५७ व्या मजल्यावरच्या तलावात उभे राहून शहराचे दिवे पाहताना, आपण कोकणातल्या विहिरीत पोहायला शिकलो हे खरेसुद्धा वाटेना.

संध्याकाळी कॅसिनोच्या दाराशी गेलो. मी परदेशी, पासपोर्ट दाखवला की वाट मोकळी. मुलगा आता तिथला नागरिक. त्याला चोवीस तासांसाठी १५० डॉलर! पूर्वी १०० होते, २०१९ साली वाढवले. शिवाय घरच्यांनी अर्ज केला तर एखाद्याला प्रवेशबंदीही होऊ शकते म्हणे.

"गंमतच आहे, बाबा," मुलगा हसला. "जुगाराचा वाडा बांधू द्यायचा आणि आपल्याच माणसांना दाराशी अडवायचे!"

मला हसू आले नाही. आमचे आप्पा द्यूतप्रतिपदेला शास्त्र म्हणून पत्ते मांडीत. पुढे ते शास्त्र बारा महिने चालू लागले. आईच्या पाटल्या गेल्या, त्या साली तिने अर्ज करायचा तरी कोणाकडे?

हे मुलाला कधी सांगितले नव्हते. त्या दाराशी सांगितले. तो गप्प झाला. आम्ही तसेच माघारी फिरलो.

एकच डाव टाकून पाहावा, असे मला मघापासून वाटत होते, हे मात्र त्याला सांगितले नाही. ते इथेच प्रथम सांगतो आहे.