मागचा ॲक्सल कोणाचा?

गाडीच्या आरसीवर दोन नंबर असतात. एक चेसिसचा, एक इंजिनाचा. आरटीओतला इन्स्पेक्टर ते दोन पडताळतो, कर्ज देणारी बँक तेच पाहते, विमा कंपनीही तेच लिहून घेते. पण गाडीचा मागचा सगळा भार, मागचे ब्रेक आणि इंजिनाची ताकद ज्याच्यावर येते, त्या मागच्या ॲक्सलचा नंबर आरसीवर कुठेच नसतो. तो अख्खा बदलला तरी कागदाला पत्ता लागत नाही. जुन्या एसयूव्हीच्या बाजारातल्या कितीतरी भानगडी इथून सुरू होतात, आणि खरं सांगायचं तर माझं पोटही त्यांच्यावरच चालतं.

माझं गाड्या तपासायचं काम बेलपाड्यात. जवळून सायन-पनवेल हायवे जातो, आणि नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर-पेंधर मेट्रो धावते. तिच्या एका स्टेशनाला आमच्या गावाचं नाव आहे. हायवेने पनवेलकडे निघालं की कळंबोलीचा लोखंडबाजार आणि ट्रकवाल्यांची दुनिया, मुंबईकडे गेलं की कुर्ल्याला जुन्या पार्टची दुकानं. खारघरमधल्या कुणाला पावसाळ्यात डोंगर हिंडायला जुनी जीप, जिप्सी नाहीतर स्कॉर्पिओ घ्यायची लहर आली की ती आधी आमच्याकडे तपासायला येते. विकणारा सोबत असतोच. त्याचं वाक्य ठरलेलं: "साहेब, सगळं ओरिजिनल आहे."

ॲक्सल बदलण्यात पाप काही नाही. क्राउन-पिनियनचे दात उडतात, ओव्हरलोड करून हाऊसिंग वाकतं, ऑइल कुणी बघत नाही म्हणून बेअरिंग जळतात. नवा सेट आणून, शिम लावून, दातांचा खेळ जुळवत बसण्यापेक्षा भंगारातून अख्खा ॲक्सल आणून चार यू-बोल्टवर आवळणं सोपं आणि स्वस्त. गाडी संध्याकाळी रस्त्यावर. फक्त काय बसवलं ते कुणी लिहून ठेवत नाही. मग तिसरा मालक ऑइल सील आणायला दुकानात जातो, गाडीच्या मॉडेलप्रमाणे सील घेतो आणि ते काही केल्या बसत नाही.

अशा बेवारस ॲक्सलची ओळख पटवायची पहिली पायरी म्हणजे धुणं. घासलेट, तारेचा ब्रश आणि सबुरी. हाऊसिंगवर ओतीव आकडे निघतात, कधी नळीवर ठोकलेला नंबर सापडतो, कधी कव्हरच्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते. अमेरिकी जीपच्या 'डाना ४४' ॲक्सलवर ४४ हा आकडा बहुधा ओतलेला असतो. पट्टीवर ४३-८ असं काही दिसलं तर क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८, म्हणजे रेशो, दातांचं गुणोत्तर, ५.३८. पण ओतीव नंबर हा पुष्कळदा त्या ओतकामाचा असतो, पूर्ण ॲक्सलचा नव्हे. एकाच हाऊसिंगमध्ये वेगवेगळे रेशो बसतात. पट्टीही जुन्या कव्हरसोबत दुसरीकडे गेलेली असू शकते. म्हणून नंबर ऐकून घ्यायचा, निकाल त्यावर द्यायचा नाही.

दुसरी पायरी बांधणीची. मागून बोल्टचं कव्हर असेल आणि ते काढल्यावर क्राउन दिसत असेल, तर बांधणी सॅलिसबरी पद्धतीची. जुन्या जीपची परंपरा ही. मागून गुळगुळीत, बंद घुमट आणि आतली यंत्रणा पुढच्या बाजूने एकसंध बाहेर येत असेल, तर ते बॅन्जो हाऊसिंग, जिप्सीचं असंच. मग डिफरन्शियलचं पोट मध्यावर आहे की बाजूला, ते बघायचं. विलीज घराण्यातल्या जीपमध्ये ट्रान्स्फर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचा, दांडा उजवीकडून निघतो, म्हणून मागचं पोटही उजवीकडे सरकलेलं असतं. तिथे मध्यावर पोट असलेला ॲक्सल बसवला तर प्रोपेलर शाफ्ट तिरका चालतो, आणि युनिव्हर्सल जॉइंट थरथरून तक्रार करतात.

चाकाचे बोल्ट मात्र फसवतात. पाच भोकांच्या चाकात शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर मोजून १.७ ने गुणलं की बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. साधारण ८२ मिलिमीटर आलं तर व्यास १३९.७. तेवढ्यावरून "जीपचाच आहे" म्हणणारे पुष्कळ भेटतात; पण जिप्सीचं मापही तेच आहे, पाच बोल्ट आणि १३९.७. फॉर्च्युनरचा व्यासही १३९.७, फक्त बोल्ट सहा. चाक बसलं म्हणजे ॲक्सल जुळला, असं होत नाही.

हबच्या मध्यावर बोल्टांची गोल तबकडी दिसली तर ॲक्सल फुल-फ्लोटिंग: चाकाचा भार हाऊसिंगवर, शाफ्ट फक्त फिरवतो, आणि चाक जागेवर ठेवून शाफ्ट बाहेर ओढता येतो. सेमी-फ्लोटिंगमध्ये भारही शाफ्टच झेलतो. गाडीतून माल वाहायचा असेल तर हा फरक आधी बघावा.

आता रेशो. यात अंदाज चालत नाही, मोजावंच लागतं. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक सोडा, गियर न्यूट्रलला ठेवा. मागचं एक चाक जॅकवर उचलून खाली स्टँड लावा, दुसरं जमिनीवर राहू द्या. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. आता उचललेलं चाक बरोबर वीस वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. साध्या डिफरन्शियलमध्ये एकच चाक फिरलं तर क्राउन त्याच्या निम्मा फिरतो, म्हणून शाफ्टच्या फेऱ्यांना दहाने भागलं की रेशो हातात. पावणेएकोणपन्नास फेरे आले तर ४.८८, पावणेचोपन्न आले तर ५.३८. पाच फेऱ्यांच्या फरकात चूक व्हायला जागा नाही. उचललेलं चाक हलतच नसेल, तर आत लॉक किंवा लिमिटेड स्लिप आहे. मग दोन्ही चाकं उचलून दहा फेरे मोजायचे.

ही दोन उदाहरणं मुद्दाम घेतली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा रेशो ४.८८, नंतरच्या सीजे-३बीचा ५.३८. हीच सीजे-३बी महिंद्राने पुढे वर्षानुवर्षं आपल्याकडे बनवली. मागे एक तरुण अशीच जीप घेऊन आला. रंग नवा, टायर नवे, विकणारा खुशीत. खाली शिरलो तर मागच्या ड्रमच्या पाठच्या प्लेटला हँडब्रेकच्या केबलचं रिकामं भोक. या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकात नसतोच, तो ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्टवर काम करतो. म्हणजे ॲक्सल पाहुणा, हे जॅक लावायच्या आधीच कळलं. फेरे मोजले: पुढे ५.३८, मागे ४.८८.

"दादा, चालते ना मस्त," तो म्हणाला. चालतेच. डांबरी रस्त्यावर टू-व्हीलमध्ये फक्त स्पीडोमीटर खोटं बोलतो: काटा साठवर असताना गाडी सहासष्टने पळते. पण फोर-व्हील टाकलं की पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी दहा टक्क्यांनी भांडायला लागतात. चिखलात चाकं घसरतात, म्हणून भांडण लपतं. कोरड्या, कडक जमिनीवर ते सगळं ट्रान्स्फर केसवर येतं. स्टिअरिंग जड होतं, लिव्हर अडकतो, आणि शेवटी काहीतरी मोडतं. त्या तरुणाने इसार दिला नाही, हे बरं झालं.

नव्या गाड्यांत गोष्ट आणखी नाजूक आहे. २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. चाकाचा वेग मोजणारी दातेरी रिंग आणि सेन्सर मागे हवेत. पाहुण्या ॲक्सलला ती रिंग नसेल किंवा तिचे दाते वेगळे असतील, तर डॅशबोर्डवर दिवा पेटतो. मग काही महाभाग दिवाच काढून टाकतात. म्हणून चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा एकदा लागून विझतो का, हे बघावं. लागतच नसेल तर पेटून राहण्यापेक्षा ते वाईट. बऱ्याच गाड्यांत मागच्या वजनाप्रमाणे ब्रेकचं प्रेशर बदलणारा व्हॉल्व्ह चेसिसवर असतो आणि त्याची सळई ॲक्सलला जोडलेली असते. दुसऱ्या ॲक्सलला त्या सळईचा ब्रॅकेट नसला की ती तारेने बांधून टाकलेली मी पाहिली आहे. अशा गाडीत पाच माणसं आणि सामान भरून घाट उतरायचा म्हणजे दैवावर हवाला.

हाऊसिंगच्या ब्रीदरची नळीही तपासा. आमच्याकडे पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं. नळी तुटकी असेल तर पाणी आत जातं, नव्वद नंबरचं ऑइल दुधासारखं पांढरट होतं. ब्रीदर बुजला असेल तर आतल्या गरम हवेच्या दाबाने ऑइल सीलमधून ब्रेकवर येतं.

कायद्याचं एक वाक्य लक्षात ठेवावं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितलं. तुटलेल्याच्या जागी त्याच मापाचा, त्याच रेशोचा ॲक्सल बसवला तर ती दुरुस्ती. वेगळ्या गाडीचा बसवला तर अपघातानंतर तुम्हाला उत्तरं द्यावी लागतील.

तेव्हा जुनी एसयूव्ही घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: इसार देण्याआधी अर्धा तास गाडी जॅकवर घ्या. रेशो, हाऊसिंगची बांधणी, बोल्टांचं माप, ड्रमचा व्यास आणि सीलचा नंबर एका कागदावर लिहा आणि तो कागद आरसीसोबत ठेवा. पुढच्या मालकालाही द्या. फोर-बाय-फोर असेल तर पुढचा रेशोही मोजून जुळवा. आणि विकणारा जॅक लावू देत नसेल, तर गाडी कितीही चकचकीत असली तरी तिथून उठून घरी या.