बारा महिने, बारा लेखिका

वाचकहो, वार्धक्यात नव्या ओळखी होणे हळूहळू थांबते. बाहेर जाणे कमी होते, समवयस्क एकेक करून निघून जातात आणि घरात बोलणे उरते ते औषधांच्या वेळांचे, पथ्याचे नि डॉक्टरांकडे जाण्याच्या तारखांचे. आपणांपैकी जे स्वतः वृद्ध आहेत किंवा घरातील वृद्धांची शुश्रूषा करीत आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको. यावर आम्ही मायलेकींनी गेल्या वर्षी एक उपाय करून पाहिला. त्याची ही हकिगत.

माझी आई ८९ वर्षांची आहे. तिला ‘मॅक्युलर डीजनरेशन’ हा डोळ्यांचा विकार आहे. यात दृष्टिपटलाचा मध्यभाग क्षीण होत जातो. कडेचे दिसते, पण नेमके जिथे पाहावे तिथेच धूसर डाग येतो. घरात वावरता येते, अक्षर मात्र लागत नाही, आणि चष्म्याचा नंबर बदलूनही उपयोग होत नाही. आयुष्यभर वाचणाऱ्या बाईचे वाचन असे थांबले आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. मी ६६ वर्षांची. तिचे करण्यात माझेही वाचन केव्हाच सुटले होते.

तेव्हा आम्ही संकल्प केला : दर महिन्याला एक, याप्रमाणे वर्षात बारा पुस्तके. मी वाचायची, तिने ऐकायची. आमच्या कपाटात पुस्तके पुष्कळ, पण लेखक बहुतेक पुरुष. म्हणून ही बाराही स्त्रियांनी लिहिलेली असावीत असे ठरले. शिवाय दोन अटी घातल्या. लागोपाठच्या दोन लेखिका एकाच समाजातल्या, एकाच घडणीच्या नसाव्यात. आणि निदान एक पुस्तक मराठीबाहेरचे असावे.

आरंभ लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ने केला. वडिलांचे कडक सोवळे भोगलेली आणि १८९५ साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिलेली ही बाई आपले दुःखही हसत सांगते. आई कित्येक महिन्यांनी मोठ्याने हसली, ती या पुस्तकाला. पुढे विभावरी शिरूरकर आल्या. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली निघाले तेव्हा मोठी खळबळ उडाली होती आणि हे टोपणनाव कोणाचे, याचे लोकांना कुतूहल होते. त्या मालतीबाई बेडेकर. हे पुस्तक माझ्या आजीने उशाखाली लपवून वाचले होते, ही गोष्ट आईने मला त्या दुपारी प्रथम सांगितली.

मग बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हाती घेतले. फलटणच्या या लेखिकेने आपले लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. महार स्त्रिया लाकडाची मोळी घेऊन ब्राह्मण आळीत विकायला जातात, असा एक प्रसंग त्यात आहे. लाकडाला केस किंवा दोरा चिकटून राहिला असेल, तर तो काढून टाकण्याची ताकीद त्यांना मिळते. घर विटाळू नये म्हणून. हा भाग वाचून झाला आणि आई म्हणाली, “पुरे आज.”

दोन दिवस तिने वाचनाचे नाव काढले नाही. तिसऱ्या दिवशी चहानंतर ती आपण होऊन बोलू लागली. तिच्या माहेरी अशीच एक बाई मोळी घेऊन यायची. तिला प्यायला पाणी द्यायचे ते वरून, ओंजळीत. ते ओतायचे काम सात-आठ वर्षांच्या आईकडे असे. “पाणी सांडू नये, याकडेच माझे लक्ष असायचे. तिचे नाव काय, हे मी कधी विचारले नाही,” ती म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली, “ते पान पुन्हा वाच.”

वाचकहो, मी ते पान पुन्हा वाचले. ऐंशी वर्षे मनात राहिलेली ही आठवण तिने कुणालाच सांगितली नव्हती, कारण कुणी विचारले नव्हते. उंबरठ्याच्या पलीकडे उभी असलेली बाई पुस्तकातून बोलली, तेव्हा अलीकडची बोलू शकली. वेगवेगळ्या थरांतील लेखिका निवडाव्यात त्या याचसाठी. केवळ आपल्यासारख्याच बायकांचे वाचत राहिलो असतो, तर हे बोलणे निघाले नसते. त्यानंतर तिने स्वतःच उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ मागितले. कोकणातल्या त्यांच्या आईच्या बांबूच्या विणकामाविषयी ती जेवतानाही प्रश्न विचारी.

मराठीबाहेरचे पुस्तक म्हणून गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’ ही हिंदी कादंबरी निवडली. हिला २०२२ साली आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. थोडे वाचून, थोडे मराठीत सांगून मी ती पुरी केली. पतीच्या निधनानंतर भिंतीकडे पाठ न वळवता पडून राहणारी ८० वर्षांची स्त्री पुढे उठते, घराबाहेर पडते आणि थेट सरहद्द ओलांडते. “माझ्याहून लहानच आहे ती,” एवढाच आईचा अभिप्राय. वर्ष संपवले ते बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांनी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरच्यांनी टिपून ठेवलेली ही गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, सोपानदेवांनी प्रसिद्ध केली. अक्षर डोळ्यांना दिसलेच पाहिजे असे नाही, हे आईला यापेक्षा चांगले कोण सांगणार?

बारापैकी दहाच पुस्तके पूर्ण झाली. ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ची १८८२ ची भाषा ऐकताना आई थकू लागली, म्हणून निम्म्यावर थांबलो. आणखी एक कादंबरी तिला रुचली नाही. संकल्प आपल्यासाठी असतो, आपण संकल्पासाठी नव्हे.

आपणांस असा उपक्रम करावयाचा असल्यास अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. वेळ ठरावीक ठेवावी. वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. समोर बसून वाचावे, म्हणजे ऐकणाऱ्यास ओठ दिसतात. ऐकू कमी येत असल्यास ओरडू नये. सावकाश आणि स्पष्ट वाचावे. विस्मरण असलेल्यांसाठी लहान मजकूर घ्यावा, तोच पुन्हा वाचावा, आणि “काल काय वाचले, सांगा” अशी परीक्षा कधीही घेऊ नये. मनास जड जाणारा भाग रात्री टाळावा. वाचून दाखवणारे कुणी नसेल, तर मोठ्या टाइपाची किंवा श्राव्य पुस्तके आहेत. आणि सरळ रेषा अचानक वाकड्या दिसू लागल्या, तर नेत्रतज्ज्ञांकडे जाण्यास एक दिवसही लावू नये.

वाचनाने आईची दृष्टी सुधारलेली नाही, सुधारणारही नाही. परंतु आता दुपारी चार वाजले की ती उठून खुर्चीत बसते आणि मला हाक मारते. यंदाची यादी तिने सांगितली आहे, मी लिहून घेतली आहे. आपल्या घरातील यादी कुणाच्या नावाने सुरू होईल?