सव्वीस किलोची हौस

वडिलांनी आणलेली शेगडी यंदाच्या पावसाळ्यात गेली. तिचा तळ गंजून चाळणी झाला होता. 1998 च्या 1 जुलैला वाशिम अकोल्यापासून वेगळं होऊन जिल्हा झालं आणि त्याच हिवाळ्यात ती शेगडी अकोल्याच्या बाजारातून घरी आली. मधल्या काळात मी एक तयार बार्बेक्यूही घेऊन पाहिला. चकचकीत होता, खाली चाकं होती. दुसऱ्याच हंगामात त्याचा पातळ पत्रा तापून वाकला, जाळीच्या मुलाम्याचे पोपडे निघून वांग्याला चिकटले. ते भरीत फेकून देताना फार वाईट वाटलं.

म्हणून यंदा शेगडी घडवूनच घ्यायची असं ठरवलं, आणि दोन महिने मी त्या एका वस्तूत बुडून गेलो. कुठलीही गोष्ट निवडण्याचे दिवस ती वापरण्याच्या दिवसांइतकेच गोड असतात. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी विस्तव आणि जाळी यांच्यातलं अंतर बोटांनी मोजत असे. वांग्याला धग जवळून लागते, साल जळून तडकली तरच आतला गर धुरकट होतो. मक्याच्या कणसाला जाळी जरा उंच हवी. तेव्हा दोन खाचा हव्यात, एक चार इंचांवर, एक सातवर. रोडग्यांचा प्रश्न मी काढलाच नाही. त्यांना गोवऱ्यांचा हारच लागतो. जाडसर दळलेल्या गव्हाचा रोडगा त्या राखेत निवांत शेकला पाहिजे, मग फडक्यानं पुसून, फोडून त्यात तूप. त्याला लोखंडाशी काही देणंघेणं नाही.

जळणाचाही विचार केला. तुराटी भडकन पेटते आणि तशीच विझते, पऱ्हाटी तिच्यापेक्षा थोडी टिकते. खरा निखारा बाभळीचा. तासभर लाल राहतो आणि वर पांढऱ्या राखेची साय धरतो. त्या सायीवर तळहात धरायचा. मनात पाच म्हणेपर्यंत हात टिकला तर वांगी ठेवायची. दोनलाच मागे घ्यावा लागला तर थांबायचं.

हे सगळं कागदावर काढून वेल्डिंगवाल्याकडे गेलो. त्यानं कागद उलटासुलटा पाहिला.

"इतका जाड पत्रा कायले पाहिजे जी? दहा गेज म्हणजे ट्रॉलीचं काम झालं."

"दादा, तापला की धरून ठेवला पाहिजे. आणि जाळीला जस्ताचा मुलामा नको. साधी दहा एमएमची सळई टाका."

तो हसला, पण दुसऱ्या दिवशी गेलो तर त्यानं स्वतःहूनच हवेच्या भोकांवर सरकती पट्टी बसवली होती. "हवा कमी-जास्त करता येते," म्हणाला. मी ती मागितली नव्हती. हौस अशी लागण होऊन पसरते. शेगडीची अशीच हौस दूरवरही कुणाला लागली होती. अमेरिकेत इलिनॉयमध्ये जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. वाऱ्यानं त्याच्या अंगणातला विस्तव धड राहीना, तेव्हा 1952 मध्ये त्यानं अशाच एका बोयाचा गोल अर्ध्यात कापला. खालच्या वाटीत कोळसे, वरच्या वाटीचं झाकण. वेबर कंपनीची प्रसिद्ध गोल शेगडी ती हीच. एका माणसाला अंगणात नीट भाजायचं होतं, एवढीच तिची जन्मकथा.

आणि आपल्या गावाला या सुखाची ओळख फार जुनी. वाशिम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. वात्स्यायनाच्या कामसूत्रात या वत्सगुल्माचं नाव येतं. त्याच ग्रंथात मित्रमंडळींनी मिळून करायच्या क्रीडांची यादी आहे आणि तिच्यात 'अभ्यूषखादिका' नावाची एक क्रीडा आहे. अभ्यूष म्हणजे हातात घेऊन खाण्याजोगं, नुसतं शेकलेलं धान्य. डहाळीसकट विस्तवावर भाजायचं आणि खायचं, असा टीकाकारानं त्याचा अर्थ दिला आहे. मी ते वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. ही तर आपली हुरड्याची आगटी!

हौस पैसेवाल्यांनीच करावी, असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडचा पोळा पाहावा. सोयाबीनला भाव असो नसो, बैलाची झूल नवी होते, शिंगं रंगतात. मानोरा तालुक्यात पोहरादेवीला जमणाऱ्या बंजारा बायांच्या अंगावरचे काचा-कवड्यांचे कपडे पाहावेत. एकेका ओढणीत किती रात्री शिवल्या गेल्या असतील! पोटासाठी त्यातलं काहीच लागत नाही. तरी माणसं करतात, आणि ते करतात म्हणूनच मला ती जवळची वाटतात. शेगडीचे पैसे देताना माझ्या मनात किंचितही खंत नव्हती. हौसेला मोल नसतं, हे आजीचं बोलणं मला तेव्हा नीट कळलं.

परवा शेगडी शेतात नेली. वजन सव्वीस किलो, दोघांनी उचलली. जाळीला जवसाचं तेल पुसून आधी नुसतीच तापवली, पुन्हा तेल, पुन्हा ताव. तिसऱ्या वेळी लोखंडाचा राखाडी रंग जाऊन काळी तुकतुकी आली. मग पहिलं वांगं ठेवलं. देठाजवळ फुर्र करून वाफ सुटली, साल एका रेषेत तडकली, रस निखाऱ्यावर पडून चरचरला. बायकोनं कांद्याची पात चिरता चिरता मान वर करून विचारलं, "झालं का हो?" मी म्हटलं, "थांब, अजून उलटायचंय."

सोयाबीननं आमच्या भागातली ज्वारी बरीच हटवली. तरी तुरीच्या कडेनं मी गुळभेंडीचे चार तास दर वर्षी राखतो, केवळ हुरड्यासाठी. कणसं आता दुधात आहेत. पौषात वाशिमकडे येणार असाल तर वेळ काढून शेतावर या. पण लवकर या. आठ-दहा दिवसांत दाणा निबर होतो, आणि मग त्याचा हुरडा होत नाही.