पित्याची रजा

स्नानसंस्काराच्या पूर्वतयारीसाठी येणाऱ्या दांपत्यांपैकी पित्याला मी एक प्रश्न आवर्जून विचारतो, ‘‘बाळ जन्मल्यावर किती दिवस घरी होता?’’ उत्तर बहुधा ‘‘रविवार धरून तीन’’ असे असते. केंद्र सरकारच्या सेवेतील एका तरुणाला नियमाने पंधरा दिवसांची पितृत्व रजा होती. त्याने दोनच दिवस घेतली. ‘‘साहेबांनी नकार दिला नाही, फादर. फक्त विचारलं, बाळंतपण तुझं की बायकोचं? सगळे हसले. मी अर्ज मागे घेतला.’’

नियम कागदावर असतो. रजा मात्र माणूस शेजारच्या टेबलाकडे पाहून घेतो. नॉर्वेत १९९३ साली चार आठवड्यांची रजा केवळ पित्यासाठी राखून ठेवण्यात आली. त्यापूर्वी तिथेही शंभरात तीन बापसुद्धा रजा घेत नसत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, एखाद्या सहकाऱ्याने ही रजा घेतली असेल, तर दुसऱ्याने ती घेण्याची शक्यता ११ टक्क्यांच्या अंतराने वाढत असे. रजा घेणारा वरिष्ठ असेल, तर हा परिणाम दुपटीहून अधिक. कारण साधे आहे. रजेवरून परतलेल्याची खुर्ची शाबूत दिसली की इतरांची भीती ओसरते.

आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने मातेची रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली. खासगी नोकरीतल्या बापाचे नाव मात्र त्या दुरुस्तीत नव्हते.

इथवर लिहून लेखणी अडखळते. काही वर्षांपूर्वी आमच्याच कार्यालयातील लेखनिकाने पत्नीच्या बाळंतपणासाठी आठवडाभर रजा मागितली होती. डिसेंबरचा मध्य होता. मी म्हणालो, ‘‘नाताळ तोंडावर आलाय. घरी आजी आहे ना?’’ तो दुसऱ्या दिवशी मुकाट्याने कामावर आला. पुढल्या वर्षी आमचा शिपाई बाप झाला. त्याने रजा मागितलीच नाही. स्नानसंस्काराचा अर्ज माझ्या हाती आला, तेव्हा मला ती बातमी कळली! त्या साहेबांना मी मनोमन नावे ठेवली होती. माझ्या दारावर तर क्रूस आहे.

यंदा आमच्या माळ्याच्या घरी पाळणा हलणार आहे. परवा मीच त्याला बोलावून सांगितले, ‘‘पंधरा दिवस घरी राहायचं. पगार कापला जाणार नाही.’’

तो लेखनिकाच्या टेबलाकडे पाहत म्हणाला, ‘‘बघतो, फादर.’’